पातं तुझ्याकडे, दांडा माझ्याकडे

मामांच्या शेडमध्ये चहाचे नेहमी दोन कप भरले जायचे आणि दुसरा कप कुणीच प्यायचं नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठीच ओतलाय. हात पुढे केला तर त्यांनी मनगट धरलं. साठी उलटलेला माणूस, पण मला मनगट सोडवून घेता येईना. "तो भावाचा हाय," ते म्हणाले. "यील इतक्यात. तुला तिसरा सांगतो." भाऊ काही आला नाही. कप गार झाला, वर साय धरली, आणि मी निघालो तेव्हा मामांनी तो मागच्या करंजाच्या बुंध्याशी नेऊन ओतला. मी मनात म्हटलं, म्हातारा सटकलाय. तेव्हा मी सगळ्यांबद्दल असंच म्हणायचो.

मामा म्हणजे माझे कुणी नात्यातले नव्हेत. कंपनीत वयानं मोठ्या कामगाराला सगळेच मामा म्हणतात. चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत, म्हणजे तापलं लोखंड ठोकून गाड्यांचे भाग घडवतात तिथे, ते हातोड्यावर होते आणि मी तयार माल तपासणाऱ्या खात्यात. नावानं ते कुणालाच हाक मारत नसत. खात्याच्या नावानं मारत. स्टोअरवाल्याला 'ए स्टोअर', कँटीनवाल्याला 'कँटीन'. मी त्यांचा 'क्वालिटी'. "काय क्वालिटी, आज कुनाचा माल फेकून दिलास?" अशी सुरुवात व्हायची. मी तापट म्हणून प्रसिद्ध होतो. माझ्या टेबलापाशी यायला सुपरवायझरसुद्धा दोनदा विचार करत. मामा मात्र सरळ येऊन टेबलाच्या कडेला बसायचे आणि माझं ओरडून संपेपर्यंत तंबाखू मळत राहायचे.

त्यांची एक खोड होती. साखळीला टांगलेल्या प्रत्येक नगाला ते छोट्या हातोडीनं एक टकोर द्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. तडा नसला की नग घंटेसारखा लांब वाजतो, तडा असला की आवाज जागीच मरतो. जुनी पद्धत आहे ही, बायका माठ वाजवून घेतात तीच. आमच्याकडे तडा शोधायचं यंत्र आलं होतं, त्यामुळे मी त्यांना हसायचो. एकदा यंत्रानं पास केलेला नग त्यांनी बाजूला काढला. मी सगळ्यांदेखत तो उचलून परत मालात ठेवला आणि म्हटलं, "मामा, तुमचे कान रिटायर करा आता." चाचणीत तोच नग मोडला. माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणे. मामांनी जाता जाता बोटाच्या पेरानं माझ्या छातीवर टकटक केलं, कान थोडा वाकडा केला, आणि मान हलवून निघून गेले.

हे टकटक करणं मला आवडलं नाही, कारण त्यांनी ते आधी एका क्रेनवाल्याला केलेलं मला ठाऊक होतं. धडधाकट गडी होता. मामांनी त्याची पाठ वाजवली आणि म्हणाले, "सुट्टी टाक. घरी जाऊन पोरांत बस." तो हसला. पंधरा दिवसांत झोपेतच गेला. तेव्हापासून लोक मामांकडे पाठ करून उभं राहायचं टाळत. काहीजण तर पनवती म्हणायचे. मी शिकलेला माणूस, असलं काही मानत नाही. पण त्या दिवशी घरी गेल्यावर मी बायकोला माझी छाती वाजवून बघायला लावली, हेही खरं.

त्यांना शिकवलं कुणी, असं विचारलं तर म्हणत, "सरकारी कारखान्यात शिकलो. चौदा वर्सं." आम्ही समजलो, देहूरोड किंवा खडकीकडचा एखादा कारखाना असेल. पुढे कुणी विचारलं नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी तळवड्यात, गाळ्यांच्या मागच्या रांगेत एक पत्र्याची शेड घेतली. छोटी भट्टी, ऐरण, पंखा. कोयते, विळे, छिन्न्या शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून नवी धार काढून द्यायचे. आणि वर्षातून चार-पाच हलक्या कुऱ्हाडी करायचे, रानात फिरणाऱ्या माणसांसाठी. मी त्यांच्याकडे गेलो तो त्या कुऱ्हाडीसाठी.

आम्ही तिघे मित्र दर डिसेंबरात नाणे मावळात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात तंबू ठोकतो. पडलेलं वाळकं लाकूड फोडायचं, शेकोटी करायची, दोन दिवस फोन बंद. माझ्यासाठी ते औषध होतं. कारण चिखलीत आमच्या घरी तेव्हा दुसरंच चाललं होतं. वडील गेल्यावर घराचे दोन भाग झाले, एक माझा, एक धाकट्या भावाचा. मध्ये भिंत, मागे सामाईक परस. आई माझ्याकडे. धाकट्याचं आणि माझं बोलणं दोन वर्षं बंद होतं. रात्री भिंतीपलीकडे तो खोकला तरी माझं डोकं फिरायचं. असा मी.

तर मी मामांकडे माझी आधीची कुऱ्हाड घेऊन गेलो. व्हिडिओ बघून मागवलेली, काळीकुट्ट, अमेरिकेतल्या आदिवासींच्या टॉमहॉकच्या धर्तीवरची. पुढे पातं, मागे अणकुचीदार टोक. वजन मी किचनच्या काट्यावर मोजून घेतलं होतं. मामांनी ती हातात घेतली आणि ते टोक माझ्याकडे फिरवलं.

"ह्ये मागं कशाला?"

"असतं तसं. डिझाइन आहे."

"रानात ह्याचा उपेग काय? कुनाच्या टाळक्यात घालायचंय?" मी हसलो. ते हसले नाहीत. "मागं सपाट पायजे. तंबूच्या खुंट्या ठोकायच्या तुला. आन धार बघ, दाढी करायची का लाकूड फोडायचं? बाभळीच्या गाठीवर मारशील तर किनार उडून डोळ्यात जाईल."

"पण हलकी आहे ना."

"काट्यावर हलकी हाय. हातात बघ." त्यांनी मला दांड्याच्या अगदी टोकाला धरून हात सरळ समोर करायला लावला. मी वीस मोजेपर्यंत मनगट थरथरायला लागलं. मग स्वतः केलेली एक दिली. वजनाला माझ्या कुऱ्हाडीपेक्षा जडच होती. पण मी साठ मोजले तरी हात स्थिर. दांडा आखूड असल्यानं तोल मुठीच्या जवळ आला होता, आणि खाली तो बारीक होत गेला होता. "हलकी म्हंजी कमरेला हाय ह्ये दिवसभरात इसरायला व्हतं ती," मामा म्हणाले. दांडा धामणीच्या चिवट लाकडाचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आणि वर चार बोटं. पातं ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं, चार बोटं रुंद. त्यांनी पातं सुतळीला टांगलं, टकोर दिली. ते इतका वेळ वाजत राहिलं की मला कसंतरी झालं.

मुख्य खुबी होती ती दांडा बसवण्याची. टिकावाला जसा दांडा वरून घालतात तसा. पाचर नाही, खिळा नाही. फिरवाल तितकं पातं घट्ट होत जातं, उडायची भीती नाही. आणि खाली ठोकलं की क्षणात सुटतं. दांडा मोडला तर रानातल्या रानात दुसरा तासून घालता येतो. मी खूश झालो. म्हटलं, "मामा, हीच द्या."

"न्हाई."

"का?"

"तुला न्हाई."

काय राव, गिऱ्हाईकाला असं तोंडावर! माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. मी वाट्टेल ते बोललो. मामा तंबाखू मळत राहिले. तसं त्यांनी दुसऱ्यांनाही नाकारलेलं मी पुढे पाहिलं. निगडीची दोन आयटीतली पोरं आली होती, जिवलग दोस्त. एकाला दिली, दुसऱ्याला नुसती मान हलवली. त्या दुसऱ्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

तीन वेळा खेटे घातले तेव्हा चौथ्या वेळी ते म्हणाले, "दितो. पन पातं तुझ्याकडं, दांडा माझ्याकडं. रानात जायच्या आदल्या दिशी दांडा घेऊन जायचा, आल्यावर परत आनून टाकायचा. घरात जोडून ठिवायची न्हाई."

"घरात ठेवली तर काय होतं?"

"जोडलेली कुऱ्हाड वाट बघती."

एवढंच म्हणाले. मी विचारलं, कुणाची वाट? तर त्यांनी भट्टीत कोळसे सारले. मला वाटलं, असेल काही म्हाताऱ्याची अंधश्रद्धा, आपल्याला चांगली वस्तू मिळतेय ना. म्हटलं, ठीक.

त्यांच्या शेडच्या आतल्या भिंतीवर असे वीस-बावीस दांडे टांगलेले होते, प्रत्येकाखाली खडूनं खात्याचं नाव. स्टोअर. पेंटशॉप. मास्तर. बँक. त्यात 'क्वालिटी' वाढला. खिडकी नव्हती, पंखा बंद असायचा, तरी मध्येच एखादा दांडा शेजारच्यावर आपटायचा. टक. मामा हातातलं काम थांबवून बघायचे, कुणाचा हलला. कधी लगेच फोन लावायचे. "काय पेंटशॉप, घरी समदं ठीक ना? वहिनीला दे जरा फोन." पलीकडचा माणूस काय म्हणायचा ते मला ऐकू यायचं नाही. मी एकदा विचारलं, "मामा, उंदीर असतील." "आसतील की," ते म्हणाले. मग मी विचारलं, "तुमचा स्वतःचा दांडा कुठला यातला?" "माझा न्हाई हितं," म्हणाले, आणि दुसऱ्या कपावर बशी झाकली.

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण शाळेत शिकतो, निबंधात वापरतो आणि विसरतो. मामांच्या शेडमध्ये ती कुणी उच्चारली तर ते उठून बाहेर जायचे. का ते मला त्या गुरुवारपर्यंत कळलं नाही.

गुरुवार म्हणजे आमची सुट्टी. एप्रिल होता. मी सकाळी एका कामासाठी भोसरीला गेलो होतो, दुपारी बाराच्या सुमारास घरी आलो. धाकट्यानं मागच्या परसात भाड्यानं द्यायला खोल्या काढायला घेतल्या होत्या. आईच्या खोलीला एकच खिडकी, ती परसात उघडते. मी धाकट्याच्या बायकोच्या तोंडून निरोप धाडला होता की दोन फूट सोड, आईला उजेड राहू दे. घरी आलो तर आई भर दुपारी खोलीत दिवा लावून बसली होती. खिडकीच्या गजांना टेकून विटांची भिंत वर गेली होती, ओलं सिमेंट आत गळत होतं. आई म्हणाली, "जाऊ दे रे, मला कुठं पुस्तक वाचायचंय."

मी बाहेर गेलो. धाकटा गवंड्याजवळ उभा होता. दोन वर्षांनी मी त्याच्याशी पहिलं वाक्य बोललो, "ही भिंत आत्ता खाली आली पाहिजे."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या खिडकीचं नाव सातबाऱ्यावर आहे का?"

तळपायाची आग मस्तकात गेली असं आपण लिहितो. मला उलट झालं. एकदम गार वाटलं. कान बंद झाले. मी शांतपणे घरात आलो, कपाटावरून कापडात गुंडाळलेलं पातं काढलं, पिशवीत टाकलं आणि गाडीला किक मारली. घरात वरवंटा होता, पहार होती, परसात विटाच विटा होत्या. पण माझ्या डोक्यात ती कुऱ्हाडच बसली होती. मला दांडा हवा होता.

चिखलीहून तळवडं पंधरा मिनिटं. त्या दिवशी चौकात एकही कंटेनर आडवा नव्हता, सिग्नल सगळे हिरवे. असं त्या रस्त्यावर कधी होत नाही. ऊन असं की सावल्या पायाखाली गेलेल्या. गाळ्यांच्या मागची सगळी रांग बंद, सुट्टीमुळे एक माणूस नाही, कुत्रं नाही. मामासुद्धा गुरुवारी कधी शेड उघडत नसत. मी कुलूप तोडायच्या तयारीनं गेलो होतो.

शटर अर्धं वर होतं. मामा स्टुलावर बसले होते, भट्टी थंड. समोर चहाचे दोन कप.

"आलास?" ते म्हणाले. "मला आधी वाटलं व्हतं, पावसाळ्यानंतर यशील."

मी म्हटलं, "माझा दांडा द्या."

मला वाटलं ते नाही म्हणतील आणि मग मी त्यांनाही ढकलेन. त्यांनी नाही म्हटलं नाही. कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट केलं. "घे की. तुझाच हाय. हितंच बसव माझ्याम्होरं."

भिंतीवर 'क्वालिटी'चा खिळा रिकामा होता. बाकीचे सगळे दांडे जागेवर. पिंपात पाणी होतं आणि तळाशी माझा दांडा, वर एक दगड ठेवून बुडवलेला. मी तो काढला, पात्याच्या भोकातून ओवला आणि खाली ओढला. पातं अर्ध्यातच अडकलं. मी ठोकलं, पिळलं, ऐरणीवर आपटलं. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं. वीतभर दांडा वर, पातं मध्येच, खाली धरायला जागा नाही. बोटाची साल निघाली, रक्त यायला लागलं, तरी मी ठोकत होतो.

"बसत न्हाई," मामा म्हणाले. "सावलीत वाळाया तीन दिस लागत्यात. उनात ठिवलास तर तडकंल."

"कधी टाकलात पाण्यात?"

"काल सकाळी."

काल सकाळी! काल सकाळी परसात एक वीटही रचलेली नव्हती. काल सकाळी मी चाकणला कामावर होतो. मी मामांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मी कुठे उभा आहे, हातात काय आहे आणि कशासाठी आहे. मी खाली फरशीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. मामांनी मला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं मामा?"

"हलला तुझा. परवा सांजच्याला. थांबंचना."

"आणि तुमचा? तुमचा दांडा इथं का नाही?"

त्यांनी दुसरा कप हातात घेतला. तो गार झाला होता. त्याच्याकडे बघतच बोलले. "बांधावरनं झालं व्हतं. वीतभर बांध. दुपारचीच येळ. भाऊ म्हनला, चहा पिऊन बोलू. मी घरात गेलो. दाराच्या मागं कुऱ्हाड व्हती." त्यांनी चहावरची साय बोटानं बाजूला सारली. "माझा जोडलेलाच व्हता रं."

मग म्हणाले, "त्येच्यानंतर सरकारी कारखाना. चौदा वर्सं." आणि उठून चहा करंजाच्या बुंध्याशी ओतून आले.

मी तीन दिवस घरी आणि शेडमध्ये ये-जा करत राहिलो, दांडा वाळताना बघत. वाळला तेव्हा माझा मीच भिंतीवर टांगला. खिडकीचं आईनंच मिटवलं. तिनं धाकट्याला बोलावलं, दिवा बंद केला आणि म्हणाली, बस जरा माझ्याजवळ. तो दहा मिनिटं अंधारात बसला आणि उठून गेला. पुढच्या आठवड्यात विटांचे सहा थर उतरले. आमचं बोलणं मात्र "हं" आणि "बरं"च्या पुढे गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मामांनी सगळ्यांना एकेक करून बोलावलं आणि दांडे परत दिले. प्रत्येकाला एकच विचारत होते, "आता कुनाकडं ठिवनार?" माझ्या तोंडून विचार न करता निघालं, "धाकट्याकडे." त्यांनी पेरानं माझ्या छातीवर टकटक केलं, डोळे मिटून ऐकलं. "अजून थोडा तडा हाय," म्हणाले. "पन चालंल." महिनाभरात ते गेले. मला फार लागलं ते. बापासाठी रडलो नव्हतो इतका रडलो.

धाकट्याला मी काहीच सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, हा दांडा तुझ्याकडे ठेव, लागेल तेव्हा मागेन. त्याला वाटलं असेल, भाऊ सटकलाय. त्यानं ठेवला.

या डिसेंबरात मी त्याचं दार वाजवलं. रानात जायचं होतं, दांडा हवा होता, असं निमित्त. खरं सांगायचं तर त्या दिवशी सकाळीच त्याच्या भाडेकरूनं माझ्या दारात गाडी आडवी लावली होती आणि मी भांडायच्या तयारीनं निघालो होतो. कान पुन्हा तसेच गार पडले होते. सवयीनं पातं पिशवीत होतं.

धाकट्यानं दार उघडलं. "दांडा ना? आज नाही मिळायचा. कालच बादलीत टाकलाय."

मी विचारलं, "कुणी सांगितलं तुला पाण्यात टाकायला?"

"कोण सांगणार? सुकल्यासारखा वाटला. बाबा नाही का टिकावाचा दांडा भिजवायचे. आणि..." तो घुटमळला. "खिळ्याला टांगलेला आपोआप आपटत होता रात्रभर. झोप लागेना. उंदीर असतील."

मी दारातच उभा राहिलो. तो बाजूला झाला. "आत ये की," म्हणाला. "तीन दिवस तरी वाळणार नाही तो."

आत टेबलावर चहाचे दोन कप भरलेले होते. घरात तो एकटाच होता. मी गाडीचा विषय काढला नाही. पिशवी दाराबाहेर ठेवली, खुर्ची ओढली आणि दुसरा कप गार व्हायच्या आत उचलला.